आधी बेटं ठरवा, जहाज मागाहून

मायामीहून शुक्रवारी दुपारी सुटणारं आणि सोमवारी सकाळी परत येणारं जहाज कॅरिबियन समुद्रात जातच नाही. शनिवारी नासाऊ, रविवारी कंपनीच्या ताब्यातलं एखादं खासगी बेट आणि सोमवारी न्याहारीच्या सुमाराला पुन्हा मायामीचा धक्का, एवढाच त्याचा फेरा. नासाऊ ही बहामाची राजधानी, आणि बहामाची बेटं आहेत अटलांटिक महासागरात. कॅरिबियन समुद्र सुरू होतो तो क्युबा, हिस्पॅनिओला आणि प्वेर्तो रिको यांच्या दक्षिणेला. तरीही पहिल्यांदा कॅरिबियन क्रूझला निघालेल्या जोडप्याच्या कानावर सगळ्यांत आधी पडणारा सल्ला हाच असतो की आधी ही तीन रात्रींची छोटी क्रूझ करा, चव बघा, आवडलं तर पुढच्या वेळी मोठी घ्या.

हा सल्ला चुकीचा आहे. त्याच्या जोडीनं येणारे दोन सल्लेही तितकेच चुकीचे आहेत. एक म्हणतो, सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत नवं जहाज घ्या, कारण खरी सहल जहाजावरच असते. दुसरा म्हणतो, बेटं काय, सगळी सारखीच. हे सल्ले देणारी माणसं वाईट हेतूनं बोलत नाहीत. त्यांतली अनेक जण स्वतः जाऊन आलेली असतात, मजेत परतलेली असतात. पण तिन्ही सल्ल्यांचं मूळ एकच आहे. आधी जहाज ठरतं, मग भाडं, मग केबिन, आणि ते जहाज जाणार कुठे हा प्रश्न शेवटी उरतो. दोघांच्या पहिल्या कॅरिबियन प्रवासासाठी हा क्रम नेमका उलटा हवा.

चव घेण्याच्या सल्ल्यापासून सुरुवात करू. तीन रात्रींच्या फेरीत नासाऊ का असतं? १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरात उतारू घेऊन, वाटेत एकाही परदेशी बंदराला न लागता, त्यांना पुन्हा अमेरिकेतच उतरवता येत नाही. क्रूझची बहुतेक सगळी मोठी जहाजं बहामा, पनामा, माल्टा अशा देशांच्या झेंड्याखाली नोंदलेली आहेत. म्हणजे फेरी कितीही छोटी असो, एक परदेशी बंदर लागतंच, आणि फ्लोरिडाला सगळ्यांत जवळचं परदेशी बंदर बहामाचं. नासाऊ त्या वेळापत्रकात आलं आहे ते कायद्यामुळे आणि अंतरामुळे. पहिल्यांदा येणाऱ्या प्रवाशाला काय दाखवावं, याचा विचार त्यात कुठेही नाही.

शिवाय अशा फेरीत पूर्ण दिवस मिळतात दोनच. शुक्रवारची संध्याकाळ सामान लावण्यात, सुरक्षेच्या कवायतीत आणि जहाजाचे मजले समजून घेण्यात जाते. रविवारी रात्री बॅगा भरून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. क्रूझचं जे खरं सुख आहे, म्हणजे रात्री एका बेटाचे दिवे मागे पडावेत आणि सकाळी पडदा सारला की दुसऱ्याच देशाचे डोंगर समोर असावेत, ते या वेळापत्रकात मावत नाही. अशी फेरी करून आलेलं जोडपं ‘क्रूझ आपल्याला जमत नाही’ असं म्हणतं तेव्हा ते जे नाकारत असतं ते त्यांनी पाहिलेलंच नसतं.

मुंबई-पुण्याच्या जोडप्यांना तर चव बघण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचंही कारण नाही. रॉयल कॅरिबियन कंपनीनं १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाचं जहाज पाण्यात आणलं ते फ्लोरिडा-बहामाच्या अशाच तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांसाठी. पुढे ते ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झालं, त्याचे मालक बदलले, आणि २०२१ पासून तेच जहाज ‘कॉर्डेलिया एम्प्रेस’ या नावानं मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाऊ लागलं. समुद्र लागतो का, केबिनच्या आकाराची सवय होते का, रोजचा बुफे सोसतो का, एवढंच पाहायचं असेल तर पावसाळा संपल्यावर मुंबईच्या बंदरातून दोन रात्री काढून ते कळतं. एकेकाळी मायामीत ज्या जहाजावर ही चव दिली जात होती तेच इथे मिळत असताना, त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा आणि विमानाचं भाडं खर्चणं समर्थनीय नाही.

आता मोठ्या जहाजाचा सल्ला. याच्या बाजूनं बरंच बोलता येतं आणि ते मान्य करायला हवं. ‘आयकॉन ऑफ द सीज’ जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या फेरीला निघालं. लांबी ३६५ मीटर, वीस डेक, ग्रॉस टनेज २,४८,६६३, म्हणजे टायटॅनिकच्या पाचपटीहून अधिक. एका केबिनमध्ये दोघं असा हिशोब धरला तर ५,६१० प्रवासी. सगळ्या खाटा भरल्या तर ७,६००. वर २,३५० कर्मचारी. सात जलतरण तलाव, सहा पाण्याच्या घसरगुंड्या, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी एक अख्खा स्वतंत्र विभाग. जहाजबांधणीचं काम म्हणून ते थक्क करणारं आहे, आणि आजी-आजोबा, मुलं, नातवंडं असा गोतावळा घेऊन निघालेल्या घराला त्याच्यासारखी सोय दुसरीकडे मिळणं कठीण.

पण प्रश्न दोघांचा आहे, आणि प्रश्न कॅरिबियनचा आहे. एवढं जहाज लागेल असा धक्का प्रत्येक बेटाकडे नसतो. जमैकातलं फाल्मथ बंदर २०११ मध्ये रॉयल कॅरिबियनच्याच ‘ओएसिस’ वर्गाच्या जहाजांना घेता यावं म्हणून नव्यानं घडवावं लागलं. म्हणून ही महाकाय जहाजं फिरून फिरून त्याच ठिकाणी दिसतात. पूर्वेकडे सेंट थॉमस आणि सेंट मार्टिन, पश्चिमेकडे मेक्सिकोचं कोझुमेल आणि कोस्टा माया, होंडुरासचं रोआतान, आणि जवळपास प्रत्येक फेरीत कंपनीचं खासगी बेट. या खासगी बेटांची प्रथा जुनी आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइन कंपनीनं बहामातलं ग्रेट स्टिरप के हे बेट १९७७ मध्ये विकत घेतलं. शेजारचं लिटल स्टिरप के आज रॉयल कॅरिबियनच्या जाहिरातींत ‘कोकोके’ म्हणून झळकतं. कार्निव्हल कंपनीनं जुलै २०२५ मध्ये ग्रँड बहामावर स्वतःचं ‘सेलिब्रेशन की’ उघडलं. वाळू स्वच्छ, पाणी निळं, जेवण जहाजाचंच, आणि पैसे भरायचं कार्डही जहाजाचंच. तिथे घालवलेला दिवस सुखाचा असतो, पण तो जहाजावरच्याच दिवसाचा वाढवलेला भाग असतो. त्या किनाऱ्यावर कोणाचं गाव नाही, शाळा नाही, बाजार नाही.

अंतराचा हिशोब याहून महत्त्वाचा आहे, आणि जाहिरातीच्या नकाशावर तो दिसत नाही. मायामी ते सेंट थॉमस हे अंतर हजार सागरी मैलांच्या आसपास आहे. ताशी वीस मैलांनी जाणाऱ्या जहाजाला तिथे पोहोचायला दोन दिवस सतत चालावं लागतं, आणि परतीचं अंतर तितकंच. म्हणून मायामीच्या सात रात्रींच्या ‘पूर्व कॅरिबियन’ फेरीत साधारण तीन दिवस नुसत्या समुद्रावर जातात, एक दिवस खासगी बेटावर, आणि खरीखुरी बेटं उरतात दोन, फार तर तीन. समुद्रावरचे दिवस अनेकांना आवडतात. वाचायला, झोपायला, एकमेकांशी बोलायला ते चांगले असतात. पण ज्या प्रदेशाचं नाव तिकिटावर छापलं आहे त्याच्या वाट्याला सात दिवसांतले दोन दिवस यावेत, हे आधी माहीत असावं आणि मग ठरवावं.

बेटावरची माणसंही या आकाराबद्दल बोलत आहेत. ग्रँड केमनला क्रूझचा धक्का नाही. जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटींतून प्रवासी जॉर्जटाउनला उतरतात. मोठ्या जहाजांसाठी तिथे धक्का बांधावा का, हा प्रश्न एप्रिल २०२५ मध्ये मतदारांपुढे ठेवला गेला आणि त्यांनी तो नाकारला. ज्यांच्या दारात आपण पाहुणे म्हणून जाणार त्यांनी काय म्हटलं आहे, हे पाहुण्यानं लक्षात घ्यायला काय हरकत आहे?

‘बेटं सगळी सारखीच’ असं म्हणणाऱ्यांना दोष देताना थोडं थांबावं लागतं. त्यांनी जे पाहिलं ते खरोखरच सारखं होतं. सेंट थॉमसच्या मेन स्ट्रीटवर हिऱ्यांची आणि घड्याळांची करमुक्त दुकानं, सेंट मार्टिनच्या फ्रंट स्ट्रीटवर हिऱ्यांची आणि घड्याळांची करमुक्त दुकानं, कोझुमेलच्या धक्क्याबाहेरही तीच. हजारो प्रवासी एकाच वेळी पाच-सहा तासांसाठी उतरतात तिथे बाजार असाच घडतो. याचा दोष बेटांचा नाही. जहाज आधी निवडल्यामुळे वाट्याला आलेल्या मार्गाचा आहे.

मराठी वाचकानं तरी या बेटांना सारखं म्हणू नये, कारण त्याला त्यांची नावं सुटी-सुटी माहीत आहेत. १९७१ च्या दौऱ्यात अजित वाडेकरांच्या संघानं पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजवर पहिला कसोटी विजय मिळवला. सुनील गावसकरांनी त्या पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा केल्या. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी ६४२, त्यांतल्या २१२ किंग्स्टनच्या सबायना पार्कवर. हे किंग्स्टन आणि बार्बाडोसचं ब्रिजटाउन यांच्यातलं अंतर मुंबई-कोलकाता हवाई अंतराहून जास्त आहे. वेस्ट इंडीज हा संघ आहे, देश नव्हे. जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस, अँटिग्वा, सेंट लुसिया, ग्रेनेडा हे सगळे आपापलं सरकार, आपापला इतिहास आणि आपापली बोली असलेले वेगवेगळे देश आहेत.

त्यांतल्या पूर्वेकडच्या ओळीत, ज्याला लेसर अँटिलीज म्हणतात, बेटं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की स्वच्छ हवेत सेंट लुसियाच्या उत्तर टोकावरून मार्टिनिकचे डोंगर दिसतात. मध्ये जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरची सामुद्रधुनी. जहाज रात्री चालतं, पहाटे पोहोचतं, दिवसभर थांबतं. म्हणूनच प्वेर्तो रिकोच्या सान हुआनहून किंवा बार्बाडोसच्या ब्रिजटाउनहून निघणाऱ्या सात रात्रींच्या फेऱ्यांत पाच, कधी सहा बेटं होतात आणि समुद्रावरचा रिकामा दिवस एखादाच असतो. सान हुआनहून गेल्या काही मोसमांत निघालेलं ‘रॅप्सडी ऑफ द सीज’ हे १९९७ चं जहाज. प्रवासी दोन हजारांच्या आसपास. त्यावर घसरगुंड्यांचा डोंगर नाही आणि केबिनची रचना जुनी आहे. पण ते रोज सकाळी नव्या देशात उभं असतं.

त्या सकाळी काय हाती लागतं ते दोन बेटांवरून सांगता येईल.

सेंट लुसियाचं कॅस्ट्रीज हे बंदराचं गाव. धक्क्यापासून चालत डेरेक वॉलकॉट चौकात पोहोचता येतं. वॉलकॉट कॅस्ट्रीजचे; १९९२ चं साहित्याचं नोबेल त्यांना मिळालं. याच बेटाच्या आर्थर लुईस यांना १९७९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं होतं, आणि दोघांचाही जन्मदिवस २३ जानेवारी. चौकात दोघांचे अर्धपुतळे आहेत. त्याच चौकात ‘समान’ नावाचा एक जुना, प्रचंड वृक्ष आहे. त्याच्या फांद्यांवर नेच्यांची आणि बांडगुळांची दाटी, खाली बाक, बाकांवर दुपारची वेळ काढणारी गावातली माणसं. मुंबईच्या जुन्या रस्त्यांवर कमान धरून उभी असलेली रेन ट्रीची झाडं याच जातीची. मूळची उष्ण अमेरिकेतली, पुढे जगभर लावली गेलेली. कॅस्ट्रीजच्या बाजारात केळी, ब्रेडफ्रूट, कोको यांच्या राशींशेजारी बायका आपसात जी बोली बोलतात ती फ्रेंचवर उभी आहे, आणि सरकारी पाट्या इंग्रजीत. हे बेट फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात चौदा वेळा हातोहात गेलं, त्याची ही खूण. दक्षिणेकडे सूफ्रिएरला समुद्रातून सरळ उठलेले दोन पितों सुळके आहेत. २००४ पासून ते जागतिक वारशात आहेत. जवळच गंधकाचे उकळते झरे.

ग्रेनेडाच्या झेंड्यावर जायफळ आहे. सेंट जॉर्जेसच्या घोड्याच्या नालासारख्या बंदरातून गाडीनं पश्चिम किनाऱ्यानं वर गेलं की गूयाव नावाचं कोळ्यांचं गाव लागतं. तिथल्या जायफळाच्या कोठारात लाकडी मांडण्यांवर जायफळं वाळत असतात आणि बायका बसून हातानं निवडत असतात. टरफलावरची लालभडक जायपत्री सोडवून वेगळी वाळवायची, मग ती पिवळट पडते. टरफल फोडून आतलं जायफळ काढायचं. पाण्यात टाकून बुडणारं आणि तरंगणारं वेगळं करायचं. कोकणात नारळाच्या बागेत जायफळ लावणाऱ्या कुणालाही हे काम पाहताना प्रत्येक पायरी कळेल आणि प्रश्न सुचतील. मग तिथली माणसं २००४ च्या सप्टेंबरबद्दल सांगतात. आयव्हन वादळानं बेटावरची बहुसंख्य जायफळाची झाडं पाडली. नवं झाड फळायला सात-आठ वर्षं लागतात. कित्येक शेतकरी पुन्हा जायफळाकडे वळलेच नाहीत.

बाकीच्यांचं इथे ओझरतंच सांगता येतं. डॉमिनिकाच्या जंगलातला वाफाळता बॉइलिंग लेक आणि कालिनागो या मूळ रहिवाशांचा प्रदेश. मार्टिनिकमधलं सेंट पिएर, जे ८ मे १९०२ च्या सकाळी माँ पेले ज्वालामुखीनं काही मिनिटांत संपवलं आणि सुमारे २८ हजार माणसं गेली. अँटिग्वातलं सेंट जॉन्सचं जुनं मैदान, जिथे ब्रायन लाराच्या १९९४ मधल्या ३७५ आणि २००४ मधल्या नाबाद ४०० झाल्या. ते क्रूझच्या धक्क्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आणि ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल, बंदरापासून अर्ध्या तासाच्या आत चालत. बाहेर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा. आत ती सीमारेषा, जिच्यावर २९ जून २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमार यादवनं शेवटच्या षटकात डेव्हिड मिलरचा झेल घेतला. या जागा एकमेकींसारख्या आहेत असं म्हणणाऱ्यानं त्या पाहिलेल्या नाहीत.

यावर येणारा पहिला आक्षेप प्रवासाचा. मायामीला विमानं भरपूर, सान हुआनला पुन्हा वेगळं विमान कशाला? कारण सोपं आहे. मायामीहून निघालेलं जहाज ज्या अंतरासाठी दोन दिवस घेतं ते विमान अडीच तासांत कापतं. प्वेर्तो रिको हा अमेरिकेचाच प्रदेश. अमेरिकेचा व्हिसा असलेल्याला वेगळी परवानगी लागत नाही, विमान देशांतर्गत असतं. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांना तर न्यूअर्कहून सान हुआनला चार तासांची थेट विमानं आहेत. एक दिवस आधी पोहोचावं, जुन्या सान हुआनमध्ये रात्र काढावी, एल मोरो किल्ल्याच्या तटावरून समुद्र पाहावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जहाजावर चढावं. आधी पोहोचणं हे चैनीचं नाही, गरजेचं आहे. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. जाहिरातीतलं भाडं माणशी असतं, एका केबिनमध्ये दोघं धरून, आणि ‘सगळं त्यात आलं’ हे म्हणणं खरं नाही. मुख्य जेवणघर आणि बुफे त्यात येतात. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळी लिहून मागितलं की बहुतेक मोठ्या जहाजांवर मिळतं. दारू, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. अनेक मोठ्या कंपन्यांचा नियम असा की केबिनमधल्या एका प्रौढानं मद्याचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानंही घ्यायचं. जिथे दोघांपैकी एकच पितो अशी मराठी जोडपी थोडी नाहीत, आणि त्यांच्यासाठी पेल्यामागे पैसे देणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. शिडाची जहाजं, जशी २२७ प्रवाशांची पाच डोलकाठ्यांची ‘रॉयल क्लिपर’, बार्बाडोसहून छोट्या बेटांना जातात. ती महाग आहेत आणि ज्यांना परवडतं त्यांनी जरूर पाहावीत. पण मध्यम जहाजाची सान हुआनहून निघणारी फेरी आणि नव्या महाकाय जहाजाची फेरी यांची तुलना केली तर नव्याचं भाडं सहसा चढं असतं. मार्ग आधी निवडणं म्हणजे खर्च वाढवणं, ही समजूत आकड्यांवर टिकत नाही.

पैसे वाचवण्याच्या सल्ल्यांतला एक मात्र मुळातूनच खोडून काढायला हवा. दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर टिप खात्यावर लागते, म्हणजे दोघांना सात रात्रींचे २२४ ते २८० डॉलर. बऱ्याच जहाजांवर पहिल्या दिवशी काउंटरवर जाऊन ती रद्द करता येते, आणि ‘आम्ही काढून टाकली, तुम्हीही टाका’ असं सांगणारे भेटतात. ही टिप केबिन आवरणाऱ्यांत आणि जेवण वाढणाऱ्यांत वाटली जाते. त्यांच्या कमाईचा तो मोठा भाग असतो. ही माणसं सहा-सात महिने, कधी नऊ महिने, घर न बघता काम करतात. २००६ च्या सागरी कामगार करारानं त्यांना दिवसात किमान दहा तास विश्रांती दिली आहे, म्हणजे चौदा तासांचा दिवस कायद्यात बसतो. त्यांच्यात गोव्याचे तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सासष्टीतली किती तरी घरं या पगारावर बांधली गेली. मुंबईच्या धोबीतलाव-गिरगावात गावागावांच्या नावानं चालणारे ‘कूड’ याच माणसांसाठी उभे राहिले, जहाज मिळेपर्यंत टेकायला. त्यांच्या ताटातले दोनशे डॉलर काढून सहल स्वस्त करू नये.

मोसमाबद्दलही एक सोयीचा सल्ला फिरत असतो, की सप्टेंबरात भाडं निम्म्यावर येतं, तेव्हाच जा. भाडं उतरतं हे खरं. अटलांटिक वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास. भारतीय वाचकांना याचं ताजं उदाहरण घरच्या बातम्यांतूनच मिळालं आहे. २०२४ चा विश्वचषक जिंकल्यावर रोहित शर्माचा संघ बार्बाडोसमध्ये अडकला तो बेरिल वादळामुळे. विमानतळ बंद, आणि मग खास विमानानं परत येऊन ४ जुलैच्या संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर मिरवणूक. इथे आपण मिरवणूक पाहत होतो तेव्हा ब्रिजटाउनच्या मच्छीमारांच्या होड्या फुटलेल्या होत्या, आणि ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावर बहुतेक घरांची छपरं उडालेली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा पाचव्या श्रेणीचं वादळ होऊन जमैकावर आदळलं.

जहाज वादळाला टाळतं. वाट बदलून दुसरीकडे जाणं त्याला जमतं, आणि बंदरं बदलायचा हक्क कंपनीच्या करारात लिहिलेला असतो. म्हणजे मार्ग पाहून बुकिंग करणाऱ्यानं वादळाच्या मोसमात बुकिंग केलं तर तो मार्गच हातातून जाऊ शकतो. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचे कोरडे महिने उत्तम. मुलांच्या परीक्षांच्या हिशोबानं चालणाऱ्या घरांसाठी मे महिनाही चांगला. तेव्हा अमेरिकी शाळांची वसंतातली सुट्टी संपलेली असते आणि वादळं सुरू झालेली नसतात. दिवाळीतच जायचं असेल तर अरुबा, बोनेर, क्युरासाव ही व्हेनेझुएलाजवळची तीन बेटं वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर आहेत. क्युरासावच्या विलेमस्टाडला १८८८ चा तरंगता पूल अजून बोटींसाठी बाजूला सरकतो.

कागदपत्रांबाबत सहसा एवढंच सांगितलं जातं की अमेरिकेचा व्हिसा असला की झालं. तसं होत नाही. अमेरिकी बंदरातून निघून तिथेच परतायचं तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा, कारण परत येणं हा नवा प्रवेश असतो. बार्बाडोस, जमैका, डॉमिनिका, त्रिनिदाद भारतीय पासपोर्टला व्हिसा न मागता येऊ देतात. मार्टिनिक, ग्वादलूप ही फ्रान्सची बेटं, त्यांचा नियम वेगळा. सगळ्यांत जास्त फसगत होते ती अमेरिकेत एच-वन-बीवर काम करणाऱ्या तरुण जोडप्यांची. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असला तरी कॅनडा किंवा मेक्सिकोला महिन्याच्या आत जाऊन येता येतं, हे त्यांना माहीत असतं. तीच सवलत कॅरिबियन बेटांनाही लागू आहे असं समजून ती बुकिंग करतात. एच-वन-बीवाल्यांना ती बेटांसाठी लागू नाही. नव्या व्हिसाचा शिक्का आधी, तिकीट नंतर.

बुकिंगला बसलेल्या जोडप्यानं एजंटाकडून जहाजाची चित्रं मागण्याआधी मार्गाचा कागद मागावा. त्यावर प्रत्येक बंदराला पोहोचण्याची आणि निघण्याची वेळ छापलेली असते. टेंडरनं उतरायचं असेल तर जाण्यायेण्याचा तासभर वजा करावा, खासगी बेटाचा दिवस वेगळा धरावा, आणि बाकीचे उजेडातले तास मोजावेत. सान हुआनच्या फेरीत ते चाळीसच्या पुढे जातात. मायामीच्या पूर्व फेरीत वीसच्या आसपास राहतात. तीन रात्रींच्या बहामा फेरीत सात-आठ, आणि त्यातला एकही कॅरिबियन समुद्राच्या काठावरचा नाही.